बँकॉकमधील पर्यटन

बँकॉक हे थायलंडच्या राजधानीचे आणि त्या देशातील सर्वांत मोठे शहर आहे. थाई भाषेत या शहराला क्रुंग थेप महानाखोन किंवा नुसते क्रुंग थेप असे म्हणतात. चाओ फ्राया ही नदी थायलंडच्या आखाताला मिळण्यापूर्वी ज्या सखल मैदानातून वाहते, त्या मैदानात नदीच्या दोन्ही तीरांवर हे शहर वसले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,५६९ चौरस किलोमीटर असून २०१० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ८० लाखांहून अधिक होती. प्रशासनाच्या सोयीसाठी शहराचे ५० विभाग पाडलेले आहेत. थाई भाषेत या विभागांना खेत म्हणतात. जगात सर्वाधिक विदेशी पर्यटक ज्या शहरांना भेट देतात त्यांत बँकॉकची गणना होते.

बँकॉकच्या प्रवासाची आखणी करताना या शहराची घडण ध्यानात घेणे उपयुक्त ठरते. हे शहर मुळात नदी आणि कालवे यांच्या आधाराने वाढले. रस्ते नंतर आले. त्यामुळे जुन्या शहरातील बहुतेक महत्त्वाची स्थळे नदीच्या जवळ आहेत, तर नवे शहर उन्नत आणि भुयारी रेल्वेच्या मार्गांवर पसरलेले आहे. रस्त्यांवरील वाहतूक इतकी दाट असते, की दोन ठिकाणांमधील अंतर किलोमीटरमध्ये न मोजता प्रवासाला लागणाऱ्या वेळात मोजावे लागते.

नाव

‘बँकॉक’ हे नाव परदेशी लोकांमध्ये रूढ झाले. ‘बांग’ या थाई शब्दाचा अर्थ ओढ्याकाठचे किंवा नदीकाठचे गाव असा आहे. ‘कॉक’ हा भाग ‘माकॉक’ या शब्दावरून आला असावा असे एक मत आहे. माकॉक हे ऑलिव्हसारखे फळ देणारे झाड होय. आजच्या वाट अरुण या मंदिराचे जुने नाव वाट माकॉक होते, ही गोष्ट या मताला पुष्टी देते. ‘को’ म्हणजे बेट या शब्दाशीही काही अभ्यासक या नावाचा संबंध जोडतात.

‘क्रुंग थेप’ याचा अर्थ देवांची नगरी. ‘थेप’ हे संस्कृत ‘देव’ या शब्दाचे थाई रूप आहे. शहराचे संपूर्ण औपचारिक नाव फार मोठे असून जगातील सर्वांत लांब स्थलनाम म्हणून त्याची नोंद आहे. हे नाव मुख्यतः पाली आणि संस्कृत शब्दांनी बनलेले आहे. महानगर, अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, विमान, अवतार हे शब्द थाई उच्चारांच्या आडून मराठी वाचकालाही ओळखता येतात. इंद्राच्या आज्ञेवरून विश्वकर्म्याने उभारलेली नगरी, असा या नावाच्या शेवटच्या भागाचा आशय आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

सयामची (थायलंडचे पूर्वीचे नाव) जुनी राजधानी अयुथया १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. त्यानंतर ताकसिन या सेनानीने चाओ फ्रायाच्या पश्चिम तीरावरील थोनबुरी येथे राजधानी स्थापन केली. १७८२ मध्ये चक्री राजघराण्याचा पहिला राजा राम पहिला याने ती पूर्व तीरावर हलवली. २१ एप्रिल १७८२ रोजी नगरस्तंभ उभारण्यात आला; हाच शहराचा स्थापना-दिन मानला जातो. नव्या राजवाड्याच्या जागी राहणाऱ्या चिनी व्यापाऱ्यांना दक्षिणेकडे साम्पेंग येथे वसवण्यात आले. आजच्या चायनाटाउनचा उगम तेथे आहे.

राजवाड्यासमोरून वाहणारे नदीचे पात्र हेही मूळचे नैसर्गिक पात्र नव्हे. येथे नदीला मोठे वळण होते. बोटींचा प्रवास कमी व्हावा म्हणून सोळाव्या शतकात वळणाची दोन टोके जोडणारा कालवा खोदण्यात आला. कालांतराने नदीचा मुख्य प्रवाह त्या कालव्यातून वाहू लागला आणि जुने पात्र अरुंद होऊन त्याचाच कालवा झाला. थोनबुरीतील बांगकॉक नोई आणि बांगकॉक याई हे कालवे म्हणजे नदीच्या त्या जुन्या पात्राचे अवशेष आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरातील बहुतेक दळणवळण होड्यांतून चाले. पुष्कळ घरे लाकडी खांबांवर किंवा तराफ्यांवर असत. साएन साएप हा लांब कालवा १८३७ ते १८४० या काळात खोदण्यात आला. पूर्वेकडील युद्धासाठी सैन्य आणि रसद नेणे हा त्याचा हेतू होता. १८६० च्या दशकात राजा मोंगकुत (राम चौथा) याच्या कारकिर्दीत चारोएन क्रुंग हा पहिला आधुनिक रस्ता तयार झाला. पुढे रस्ते वाढत गेले आणि विसाव्या शतकात अनेक कालवे बुजवून त्यांवर रस्ते बांधण्यात आले. पाऊस पडताच रस्त्यांवर पाणी साचणे आणि एरवी वाहने साचणे या आजच्या दोन्ही अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी या बदलात आहे.

हवामान आणि प्रवासाचा काळ

बँकॉकचे हवामान उष्ण आणि दमट आहे. वर्षाचे स्थूलमानाने तीन ऋतू पडतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा त्यातल्या त्यात थंड आणि कोरडा काळ होय. पर्यटकांची सर्वाधिक गर्दी याच काळात असते आणि निवासाचे दरही चढे असतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण वाढते. दमा किंवा श्वसनाचे विकार असणाऱ्यांनी जानेवारी ते मार्च या काळात हवेच्या गुणवत्तेची माहिती घेऊनच प्रवास ठरवणे योग्य ठरते.

मार्च ते मेच्या मध्यापर्यंत कडक उन्हाळा असतो. एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि दमटपणामुळे ते अधिक जाणवते. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा असतो. दिवसभर झड लागण्यापेक्षा दुपारी किंवा सायंकाळी एक-दोन तास जोरदार सर येणे हा येथील पावसाचा नेहमीचा प्रकार आहे. सप्टेंबर हा सर्वाधिक पावसाचा महिना होय.

दोन सण प्रवासाच्या तारखा ठरवताना विशेष लक्षात घ्यावे लागतात. १३ ते १५ एप्रिल या दिवसांत सोंगक्रान हा पारंपरिक नववर्षाचा सण असतो. ‘सोंगक्रान’ हा शब्द संस्कृत ‘संक्रांती’पासून आला असून सूर्याच्या मेष राशीतील प्रवेशाशी त्याचा संबंध आहे. बुद्धमूर्तींना आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेणे हा सणाचा मूळ भाग होय. रस्त्यांवरील पाण्याची खेळकर लढाई हे त्याचे आजचे सार्वजनिक रूप आहे. २०२३ मध्ये युनेस्कोने या सणाचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. दुसरा सण लॉय क्राथोंग. थाई चांद्र पंचांगातील बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे बहुधा नोव्हेंबरमध्ये, केळीच्या खोडाचे व पानांचे द्रोण फुले, मेणबत्ती आणि उदबत्तीसह पाण्यात सोडले जातात. ही पौर्णिमा सामान्यतः कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास येत असल्याने महाराष्ट्रातील त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपदानाची आठवण होणे स्वाभाविक आहे.

प्रवेश, दिनमान आणि चलन

जुलै २०२४ मध्ये थायलंड सरकारने भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी ६० दिवसांपर्यंत व्हिसाविना प्रवेशाची सवलत लागू केली. अशा सवलती वेळोवेळी बदलतात. त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी थायलंडच्या दूतावासाकडून चालू नियम पाहणे आवश्यक असते. १ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांना आगमनापूर्वीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे लागते. पारपत्राची मुदत सहा महिने तरी शिल्लक असावी. परतीचे तिकीट आणि निवासाचे आरक्षण सोबत असावे.

थायलंडची वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या दीड तास पुढे आहे. अधिकृत व्यवहारात तेथे बौद्ध संवत वापरला जातो. तो इसवी सनापेक्षा ५४३ वर्षांनी पुढे असल्याने इ. स. २०२५ म्हणजे बौद्ध संवत २५६८ होय. तिकिटांवर किंवा खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर असे वर्ष आढळल्यास गोंधळून जाण्याचे कारण नाही.

बाथ हे चलन असून एका बाथचे १०० सातांग होतात. मोठ्या दुकानांत कार्ड चालते. मात्र रस्त्यावरील खाद्यविक्रेते, होड्या, टुकटुक आणि लहान मंदिरे येथे रोख रक्कम लागते. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढल्यास स्थानिक बँक प्रत्येक वेळी वेगळे शुल्क आकारते. म्हणून थोडी थोडी रक्कम वारंवार काढणे महाग पडते.

शहरात पोहोचणे

मुंबईहून थेट विमानाने बँकॉकला पोहोचण्यास साधारणपणे चार ते साडेचार तास लागतात. शहराला दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत. सुवर्णभूमी हा विमानतळ सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झाला. तो शहराच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर आहे. त्याच्या आवारात समुद्रमंथनाचे भव्य शिल्प आहे. डॉन मुआंग हा उत्तरेकडील जुना विमानतळ असून तेथून मुख्यतः कमी दराची विमाने ये-जा करतात. तिकिटावर विमानतळाचे नाव नीट पाहणे महत्त्वाचे आहे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान गाठायचे असल्यास मध्ये अनेक तासांचे अंतर ठेवावे लागते.

सुवर्णभूमीहून फाया थाई स्थानकापर्यंत विमानतळ रेल्वे आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या या रेल्वेने सुमारे अर्ध्या तासात शहरात पोहोचता येते. डॉन मुआंग २०२१ पासून उपनगरी रेल्वेच्या लाल मार्गाने जोडले गेले आहे. सामान अधिक असल्यास किंवा रात्री उशिरा आगमन झाल्यास विमानतळावरील अधिकृत रांगेतून मीटरची टॅक्सी घेणे सोयीचे असते.

शहरांतर्गत वाहतूक

जलमार्ग : चाओ फ्राया नदीवर प्रवासी बोटी नियमित धावतात. बोटीवरील झेंड्याच्या रंगावरून तिचा प्रकार आणि थांबे कळतात. उन्नत रेल्वेच्या सफान ताकसिन स्थानकाला लागूनच साथोन धक्का आहे. रेल्वेने तेथे उतरून बोटीने उत्तरेकडे गेल्यास राजवाडा, वाट फो, वाट अरुण आणि फुलबाजार ही ठिकाणे वाहतुकीत न अडकता गाठता येतात. एका तीरावरून समोरच्या तीरावर जाण्यासाठी लहान तरी असतात. त्यांचे भाडे अत्यल्प असते. साएन साएप कालव्यावरही १९९० पासून बोटी चालतात. नोकरदार आणि विद्यार्थी त्यांचा रोज उपयोग करतात. जुन्या शहराच्या कडेपासून नव्या बाजारपेठांच्या भागात जाण्याचा हा जलद मार्ग आहे. कालव्याचे पाणी अस्वच्छ असल्याने ते अंगावर उडू नये म्हणून काठावर बसलेले प्रवासी दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर घेतात.

रेल्वे : बीटीएस ही उन्नत रेल्वे ५ डिसेंबर १९९९ रोजी आणि एमआरटी ही भुयारी रेल्वे जुलै २००४ मध्ये सुरू झाली. उन्नत रेल्वेचे सुखुमवित आणि सिलोम हे मार्ग सियाम स्थानकात एकमेकांना मिळतात. २०१९ मध्ये भुयारी रेल्वेचा निळा मार्ग जुन्या शहरातून नदीखालून पलीकडे नेण्यात आला. सनाम चाय स्थानकापासून वाट फो पायी जाण्याच्या अंतरावर आहे. दोन्ही रेल्वेंची स्थानके काही ठिकाणी जोडलेली असली, तरी त्यांच्या व्यवस्था वेगळ्या आहेत.

रस्ते : सकाळी सात ते नऊ आणि सायंकाळी चार ते सात या वेळांत टॅक्सीने प्रवास टाळणे श्रेयस्कर असते. टॅक्सीत बसताना मीटर सुरू करण्यास सांगावे. टुकटुक ही तीनचाकी रिक्षा लहान अंतरासाठी मौजेची असते. तिचे भाडे बसण्यापूर्वी ठरवावे लागते. गल्लीबोळांत, ज्यांना थाई भाषेत सोय म्हणतात, नारिंगी जाकीट घातलेले मोटारसायकल-चालक प्रवासी नेतात. मोटारसायकलवर शिरस्त्राण घालणे आवश्यक आहे.

निवासाची जागा निवडताना या व्यवस्थेचा विचार प्रथम करावा लागतो. रेल्वे स्थानकापासून किंवा नदीवरील धक्क्यापासून दहा मिनिटे चालण्याच्या अंतरावरील साधे निवासस्थान हे दूरवरच्या आलिशान निवासस्थानापेक्षा प्रवाशाचा अधिक वेळ वाचवते.

प्रेक्षणीय स्थळे

रतनकोसिन : नदी आणि जुने कालवे यांनी वेढलेला हा शहराचा मूळ गाभा आहे. येथील राजवाड्याचे बांधकाम १७८२ मध्ये सुरू झाले आणि १९२५ पर्यंत राजे तेथे राहत असत. त्याच्या आवारातील वाट फ्रा केओ या मंदिरात पाचूचा बुद्ध म्हणून प्रसिद्ध असलेली मूर्ती आहे. प्रत्यक्षात ती पाचूची नसून हिरव्या अर्धमौल्यवान दगडाची आहे आणि तिची उंची सुमारे ६६ सेंटीमीटर आहे. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तीन ऋतूंच्या आरंभी स्वतः राजा मूर्तीची वस्त्रे बदलतो. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांत रामाकियन या थाई रामायणातील प्रसंगांची १७८ भित्तिचित्रे आहेत. या कथेत हनुमान ब्रह्मचारी नसून खेळकर आणि शृंगारप्रिय आहे. वाल्मीकी रामायण वाचलेल्या वाचकास हा बदल विशेष लक्षणीय वाटतो.

जवळच असलेल्या वाट फो मंदिरात ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच अशी पहुडलेल्या बुद्धाची मूर्ती आहे. तिच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावकामात १०८ मंगलचिन्हे कोरलेली आहेत. ‘फो’ म्हणजे बोधी. हे मंदिर थाई मर्दनविद्येचे परंपरागत केंद्र आहे. तेथील शिलालेखांत वैद्यक, साहित्य इत्यादी विषयांचे ज्ञान सर्वांना वाचता यावे म्हणून कोरून ठेवलेले आहे. युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत या शिलालेखांचा समावेश आहे.

थोनबुरी तीर : वाट फोच्या समोर, नदीपलीकडे, वाट अरुण आहे. सूर्याचा सारथी अरुण याच्यावरून त्याला नाव मिळाले. त्याच्या उंच मनोऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांचे रंगीत तुकडे बसवलेले आहेत. बांगकॉक नोई कालव्याकाठी राजनौकांचे संग्रहालय आहे. तेथील सुफान्नाहोंग या नौकेचा नाळीकडील भाग हंसाच्या आकाराचा असून तिचे नाव ‘सुवर्णहंस’ या शब्दाचेच थाई रूप आहे. या भागातील कालव्यांतून लहान होडीने फिरल्यास काठावरची लाकडी घरे, फळबागा आणि लहान मंदिरे दिसतात. जुन्या जलनगरीची कल्पना येण्यासाठी ही फेरी सर्वांत उपयुक्त आहे.

चायनाटाउन आणि फाहुरात : यावारात रस्ता आणि साम्पेंगच्या अरुंद गल्ल्या सायंकाळनंतर खाद्यपदार्थांच्या गाड्यांनी भरून जातात. जवळच्या वाट त्राइमित मंदिरात सुमारे साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती आहे. दीर्घकाळ ती साधी चुन्याची मूर्ती समजली जात होती. १९५५ मध्ये ती हलवताना वरचा लेप फुटला आणि आतील सोने दिसले. फाहुरात हा भारतीय वस्तीचा भाग असून तेथे कापडबाजार आणि शिखांचा गुरुद्वारा आहे. पाक ख्लोंग तलात या घाऊक फुलबाजारात झेंडू, मोगरा आणि कमळे यांचे ढीग रात्री विशेष पाहण्यासारखे असतात.

नवे शहर : लुंफिनी उद्यानाला गौतम बुद्धाच्या जन्मस्थानाचे नाव आहे, तेथील तळ्यांत मोठ्या पाणघोरपडी मुक्तपणे वावरतात. रेशीम व्यापारी जिम थॉम्प्सन याने पारंपरिक लाकडी घरे एकत्र आणून साएन साएप कालव्याकाठी बांधलेले निवासस्थान आता संग्रहालय आहे. थॉम्प्सन १९६७ मध्ये मलेशियात बेपत्ता झाला. चातुचाक हा हजारो गाळ्यांचा बाजार मुख्यतः शनिवार-रविवारी भरतो.

भारतीय संस्कृतीशी असलेले दुवे

वाट सुथाट मंदिरासमोर सागवानी लाकडाचा उंच लाल झोपाळा आहे. ब्राह्मणी परंपरेतील एका उत्सवात त्यावर झोके घेतले जात. १९३५ पासून ही प्रथा बंद आहे. जवळच १७८४ मध्ये स्थापन झालेले देवस्थान असून तेथे शिव, गणेश आणि विष्णू यांची मंदिरे आहेत. राजदरबारातील धार्मिक विधी करणारे थाई ब्राह्मण या देवस्थानाशी संबंधित आहेत. सिलोम रस्त्यावरील मारिअम्मन मंदिर तमिळ स्थलांतरितांनी १८७९ मध्ये बांधले. तेथील नवरात्राच्या मिरवणुकीत थाई भाविकही मोठ्या संख्येने सहभागी होतात. रातचाप्रासोंग चौकातील चतुर्मुख ब्रह्मदेवाचे एरावान स्थान १९५६ मध्ये उभारले गेले. भारतात ब्रह्मदेवाची उपासना विरळ असताना येथे ऐन बाजारपेठेत ती दिवसभर चालू असते.

वाट साकेत येथील सुवर्णटेकडीवरील स्तूपात ठेवलेले बुद्धधातू भारतातून आलेले आहेत. उत्तर भारतातील पिप्रहवा येथे १८९८ मध्ये सापडलेल्या अवशेषांचा काही भाग ब्रिटिश सरकारने राजा चुलालोंगकोर्न (राम पाचवा) याच्याकडे सोपवला होता. थाई वारांची नावेही परिचित वाटतात : आथित म्हणजे आदित्यवार, चान म्हणजे चंद्रवार, आंगखान म्हणजे अंगारकवार.

दिवसांची आखणी

पहिल्या भेटीसाठी चार ते पाच दिवस पुरेसे होतात. एका दिवसात एकाच भागातील स्थळे पाहणे हे आखणीचे मुख्य सूत्र होय. राजवाडा सामान्यतः सकाळी साडेआठला उघडतो आणि दुपारी साडेतीनला प्रवेश बंद होतो. तेथे सावली कमी असल्याने तो सर्वांत आधी पाहावा. त्यानंतर वाट फो पाहून, नदी ओलांडून सायंकाळी वाट अरुण पाहता येते. दुसरा दिवस सकाळी थोनबुरीच्या कालव्यांना आणि सायंकाळी चायनाटाउनला देता येतो. तिसऱ्या दिवशी झोपाळा, देवस्थान आणि सुवर्णटेकडी पाहून साएन साएपच्या बोटीने नव्या शहरात जाता येते. राष्ट्रीय संग्रहालय सोमवारी व मंगळवारी बंद असते. दुपारी बारा ते तीन हा वेळ संग्रहालय, जेवण किंवा विश्रांती यांसाठी राखल्यास ज्येष्ठ आणि लहान मुले यांना प्रवास सुसह्य होतो.

एक दिवस अयुथयासाठी राखून ठेवावा. हे भग्न राजधानीचे शहर उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर असून रेल्वेने जाता येते. १९९१ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. १७६७ चा विध्वंस तेथे पाहिल्यानंतर, अवघ्या १५ वर्षांनी उभारलेल्या रतनकोसिनमध्ये जुन्या राजधानीची प्रतिकृती का साधली गेली, हे समजते.

शिष्टाचार आणि कायदे

बँकॉकमधील मंदिरे ही केवळ प्रेक्षणीय स्थळे नसून तेथे नित्य पूजा, ध्यान आणि भिक्षूंचे अध्ययन चालते. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे आवश्यक असतात. राजवाड्यात हा नियम काटेकोरपणे पाळला जातो. गाभाऱ्यात पादत्राणे काढतात. बसताना पाय मूर्तीकडे करत नाहीत. थाई समाजात मस्तक पवित्र मानले जाते. म्हणून लहान मुलांच्याही डोक्यावरून हात फिरवणे टाळावे. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये किंवा त्यांच्या हातात थेट वस्तू देऊ नये, असा संकेत आहे. हात जोडून केले जाणारे अभिवादन वाय या नावाने ओळखले जाते. सकाळी आठ आणि सायंकाळी सहा वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत वाजते, त्या वेळी लोक उभे राहतात.

राजा, राणी किंवा युवराज यांचा अवमान हा दंडसंहितेच्या कलम ११२ नुसार गुन्हा असून त्यासाठी तीन ते पंधरा वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. परदेशी नागरिकांनाही हा कायदा लागू आहे. ई-सिगारेटवर बंदी आहे. बुद्धमूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी ललित कला विभागाचा परवाना लागतो.

आहार

थाई स्वयंपाकात माशांपासून केलेला नाम प्ला हा द्रव आणि कोळंबीचा कापी हा खर्डा सर्रास वापरला जातो. त्यामुळे भाजी दिसणारा पदार्थ शाकाहारी असेलच असे नाही. शाकाहारी प्रवाशांनी ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत लिहिलेले हे चिन्ह मांस, मासे, अंडी आणि दूध वर्ज्य असल्याचे दर्शवते. कांदा-लसूणही त्यात चालत नाही. चिनी परंपरेतील नऊ दिवसांच्या शाकाहार-उत्सवात, बहुधा ऑक्टोबरमध्ये, असे पदार्थ सर्वत्र मिळतात. आंबा आणि नारळाच्या दुधातील चिकट भात, कच्च्या पपईचे सोमताम आणि तांदळाच्या शेवयांचे फात थाई हे पदार्थ प्रसिद्ध आहेत. सोमताम आणि फात थाईमध्ये नाम प्ला किंवा सुकी कोळंबी असते. ती वगळण्यास आधी सांगावे लागते. पिण्यासाठी बाटलीबंद पाणी वापरावे.

सुरक्षितता

शहर सामान्यतः सुरक्षित आहे. फसवणुकीचा सर्वांत परिचित प्रकार म्हणजे राजवाड्याजवळ एखादी व्यक्ती ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगते आणि स्वस्त टुकटुकने रत्नांच्या किंवा कापडाच्या दुकानात नेते. अशा वेळी थेट प्रवेशद्वारापर्यंत जाऊन खात्री करावी. पर्यटक पोलिसांचा दूरध्वनी क्रमांक ११५५, तर रुग्णवाहिकेचा १६६९ आहे. डासांपासून संरक्षण, पुरेसे पाणी आणि प्रवास विमा यांची तजवीज निघण्यापूर्वी करावी.

पाण्याचा प्रश्न आणि पर्यटन

बँकॉकची समुद्रसपाटीपासूनची सरासरी उंची सुमारे दीड मीटर आहे. मऊ चिकणमातीच्या थरांवर वसलेल्या या शहराने विसाव्या शतकात भूजलाचा अतोनात उपसा केला आणि जमीन खचू लागली. १९८१ मध्ये काही भागांत हा वेग वर्षाला १२ सेंटीमीटरपर्यंत गेला होता. उपशावर निर्बंध आल्यानंतर तो बराच मंदावला. पण समुद्राची पातळी वाढत असल्याने धोका टळलेला नाही. २०११ च्या महापुरात देशभर ८०० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. डॉन मुआंग विमानतळ पाण्याखाली गेला. बांध आणि वाळूच्या पोत्यांच्या भिंतींनी शहराचा मध्यवर्ती भाग वाचवण्यात आला. भिंतींपलीकडील उपनगरांत मात्र पाणी अनेक आठवडे साचून राहिले. कोणता भाग वाचवायचा आणि कोणता बुडू द्यायचा, यावरून त्या काळात लोकांमध्ये तीव्र असंतोष निर्माण झाला. २०१७ मध्ये खुले झालेले चुलालोंगकोर्न शताब्दी उद्यान पावसाचे पाणी साठवता येईल अशा उतारावर रचलेले असून ते शहराच्या बदलत्या विचाराचे उदाहरण मानले जाते.

पर्यटनासाठी केल्या जाणाऱ्या सुशोभीकरणाचीही किंमत काहींना मोजावी लागते. सुवर्णटेकडीजवळील महाकान किल्ल्याच्या तटाला लागून कालव्याकाठी जुन्या लाकडी घरांची वस्ती होती. उद्यानासाठी ती हलवण्याच्या निर्णयाला रहिवाशांनी सुमारे पाव शतक विरोध केला; २०१८ मध्ये वस्ती रिकामी झाली आणि तेथे हिरवळ करण्यात आली. आज तेथे येणाऱ्या प्रवाशाला किल्ला दिसतो, वस्ती दिसत नाही. याउलट थोनबुरीच्या कालव्यांकाठी लोक अद्याप राहतात. तेथे होडीने जाणाऱ्याने वेग कमी ठेवण्यास नाविकास सांगणे आवश्यक आहे, कारण वेगवान बोटींच्या लाटांनी काठावरील घरांचे खांब खिळखिळे होतात.